आधी तळवे, मग आशीर्वाद

मोठ्या आईच्या पाया पडायला घरातली पोरं टाळाटाळ करायची, कारण ते काम नुसतं वाकून उरकता येत नसे. कोणी वाकलं की ती बाजेवर मागे रेलायची, दोन्ही पाय पुढे करायची आणि फर्मान सोडायची, "आधी तळवे पाह्य. टाचा पाह्य. बोटाच्या मधात पाह्य." सगळं साफ आहे असं ऐकल्यावरच डोक्यावर हात. आशीर्वादासाठी एवढे कष्ट करून घेणारी दुसरी बाई किरनापुरात काय, अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात मी पाहिली नाही.

ती माझ्या मोठ्या काकांची बायको. शुगर जुनी. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग आग व्हायला लागली. "कापसावर चालल्यावानी वाटते," असं म्हणायला लागली आणि हळूहळू आगही थांबली. आम्ही खूश. पण डॉक्टरांनी सांगितलं, पायांच्या नसा बऱ्या झालेल्या नाहीत, आता त्यांना काही कळेनासं झालंय. काटा रुतला तरी हिला समजणार नाही. हातांचंही तेच होत होतं. कप सुटायचा, ब्लाउजचे हूक लागायचे नाहीत.

याची किंमत तिला ठाऊक होती. लांजीला तिचे थोरले भाऊ राहायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनाही हाच आजार. तळव्याला जखम झालेली कळलीच नाही, आणि कळली तेव्हा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. "दुखलं असतं तं वाचला असता दादाचा पाय," ती म्हणायची. तिचे स्वतःचे गुडघे वळत नसत, त्यामुळे तळवा दिसत नसे. रोज कोणाची मनधरणी करणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने ही रीत काढली. घरात, अगदी स्वयंपाकघरातही, चप्पल घालायची. शेजारणीने नाक मुरडलं तर म्हणाली, "देवाले चालते, तुमाले काहून चालत नाही?"

नातवाच्या लग्नात मात्र कमाल झाली. नवरी रायपूरची, मराठीचा गंध नाही. पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात ती पाया पडायला वाकली आणि मोठ्या आईने तळवे पुढे केले. काकांनी कपाळावर हात मारला. "अवं, नव्या पोरीले तं सोड!"

"काहून सोडू? घरची झाली ना आता?"

पोरगी गोंधळली, पण कोणीतरी हिंदीत समजावलं तशी खाली बसली, चप्पल काढायला गेली तर ती टाचेला अडकलेली. नीट बघितलं आणि घाबरून म्हणाली, "दादीजी, एड़ी में पिन घुसी है!"

मांडवाची आलपीन चपलेच्या तळातून आरपार टाचेत गेली होती, आणि मोठी आई तिच्यावर सकाळपासून लग्नघरभर मिरवत होती. वरात, जेवणावळ सगळं सोडून तिला बालाघाटला दवाखान्यात नेलं. जखम भरायला वेळ लागला, पण पाय वाचला. नातसुनेचं कौतुक तिने गावभर केलं. आम्ही इतकी वर्षं तळवे पाहिले, त्याचं काहीच नाही!

त्याच वर्षी भाऊबीजेला मी तिच्यासोबत लांजीला गेले. पाय गेल्यापासून मामा खचले होते, औषधसुद्धा मनात आलं तर घ्यायचे. ओवाळून झालं. मग या बाईने, जिचे गुडघे वळत नव्हते तिने, माझ्या खांद्याचा आधार घेत कण्हत कण्हत जमिनीवर बसकण मारली आणि भावाच्या पायाला डोकं टेकवलं. मग उठलीच नाही. बोटं फाकवून बघत बसली.

मामा कातावले. "काय पाहून राह्यली बाई? एकच तं पाय आहे आता."

"म्हनूनच तं पाहून राह्यली." मग मला म्हणाली, "तू हात लाव वं. माह्या बोटाले कळत नाही."

करंगळीजवळ ओली भेग होती. मामा नको नको म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही. फराळ तसाच ठेवून त्यांना ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला.

मागच्या हिवाळ्यात मोठी आई गेली, हृदय थांबलं म्हणून. तिचे दोन्ही पाय शाबूत होते, हे मी आजही ऊर भरून सांगते. तिला पोचवायला लांजीहून मामा आले. गाडीत बसा म्हणून सगळ्यांनी विनवलं, ते बसले नाहीत. बगलेत कुबड्या धरून, त्या एका पायावर, ते घाटापर्यंत चालत आले.