दारावरची दुसरी पाटी

बुऱ्हाणपुरात नवं घर बांधलं की नावाची पाटी निरंजन महाजनकडूनच करून घ्यायची. आधी तो पटाशीने कोरायचा. मग मशीन घेतलं. संगणकावर नाव टाकलं की सागवानात कोरून हातात. गावाची दारं सजवली या माणसाने, आणि स्वतःचं दार मात्र उघडंबोडकं. बायको प्रतिभा म्हणायची, "आपली पाटी कधी करता?" तर म्हणायचा, "आपल्याला कोण शोधत येतंय?" असला शहाणा.

मग प्रतिभा विसरायला लागली. आधी गॅस, मग नातवंडांची नावं, मग घरच. पिशवी घेऊन निघायची, माहेरच्या दापोऱ्याची बस शोधायची. एकदा राजघाटाच्या पायऱ्यांवरून रिक्षावाल्या गोटूने तिला परत आणलं. "काका, त्यांना घरच समजत नाही," तो म्हणाला. "दारावर काही निशाणी करा. उद्या पाण्यात उतरल्या म्हणजे?"

त्याच दुपारी निरंजनने लोकांची कामं बाजूला सारून पाटी केली. सौ. प्रतिभा निरंजन महाजन. ठळक अक्षरं, कडेने केळीची पानं. दारावर ठोकून तिला हाताला धरून समोर उभं केलं. वाचता येत होतं तिला, तेवढं देवाने ठेवलं होतं.

तिने सावकाश वाचलं आणि मागे सरकली. "चला इथून. लोकाच्या घरात कशाला शिरायचं?"

"अगं प्रतिभा, हे तुझंच नाव."

"मी सरू," ती म्हणाली.

सरू. लग्नानंतर हे नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं. आपल्याकडची रीतच ती. लग्नात ताटात तांदूळ पसरले, त्याने अंगठीने त्यात 'प्रतिभा' लिहिलं, सगळे हसले, टाळ्या वाजल्या. सरूला कुणी विचारलं नाही. तिने जन्मभर त्या नावाला ओ दिली. आता आजार एकेक गोष्ट उचलून नेत होता, त्यात 'प्रतिभा'ही गेलं. निरंजनला फार वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी फळी मशीनवर आवळली. नाव टाकायला हात उचलेना. या पाटीवर त्याला स्वतःला जागाच नव्हती. शेवटी टाकलं: सरू आत्माराम पाटील, दापोरा. मशीन घरघरत कोरत राहिलं आणि तो शेजारी भुशात बसून पोटभर रडला.

जुनी पाटी उतरवून त्याने नवी लावली. तिने वाचली, आणि किती महिन्यांनी तिचा चेहरा खुलला. कुणी न सांगता चपला काढून ती आत गेली. निरंजन मागोमाग निघाला. उंबरठ्यापाशी येतो तोच ती वळली, पदर सावरला आणि वाट अडवून उभी राहिली.

"बाबा वावरात गेलेत," ती अदबीने म्हणाली. "आले की सांगते. कोण आलं होतं म्हणून सांगू?"

"निरंजन," तो म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर बसला.