दादाच्या भुवईसाठी सोलापूर

सोलापूरला उन्हाळ्यात जाऊ नका, असं मी याच ब्लॉगवर निदान दोनदा लिहिलं आहे. वाचकांनी ऐकलं आणि भर वैशाखात मीच गेले. कारण दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ शिवानंद. मंद्रूपला राहतो, शेंगाचटणी करून विकतो. एरवी त्याचा फोन म्हणजे बरी हायस का, जेवलीस का, ठेवतो. यावेळी तो ठेवेना.

"मंगल, भुवई गळायलीय गं. दवाखान्यात जायचं हाय. येतीस का?"

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांपूर्वी शेंगा भाजायच्या भट्टीचा भडका उडाला आणि दादाची डावी भुवई गेली. डोळा वाचला, पण वर नुसती गुळगुळीत गुलाबी कातडी राहिली. माझी वहिनी, महानंदा, अक्कलकोटच्या पलीकडची, घरात अर्धं कानडी बोलणारी. लग्नकार्याला निघताना ती दादाला समोर बसवून काजळाने भुवई काढून द्यायची, आणि पंगत बसेपर्यंत ती घामाने गालावर उतरलेली असायची. लोक हसायचे. दादाही हसायचा, पण घरी येऊन जेवायचा नाही. शेवटी वहिनीनेच सोलापुरातल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता काढला. डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून भुवईत लावतात, हे आम्हाला तेव्हा कळलं, आणि दादाने ते करून घेतलं. दिवाळीनंतर वहिनी कावीळ होऊन गेली. तेव्हा आठवडाभर राहून मी पुण्याला परतले होते, ती आता निघाले.

पुण्याहून सकाळची गाडी धरा, जेवणाच्या सुमाराला सोलापूर येतं. आरक्षण आधी करा, उन्हाळी सुट्टीत आयत्या वेळी जागा मिळत नाही. भिगवण गेलं की उजनीचं पाणी दिसतं म्हणून मी खिडकी मागून घेतली होती. पाणी पार आत सरकलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. मागे एका हिवाळ्यात इथेच मी गाडीभर लोकांना रोहित पक्षी दाखवत होते आणि वहिनी शेजारी बसून माझ्या ओटीत शेंगा सोलून टाकत होती. जेऊरला दोघं शेतकरी चढले ते थेट मोहोळपर्यंत केळीवर बोलत होते.

"औंदा बाग कशी हाय?"

"बाग झ्याक हाय. वारं सुटू नये एवढंच."

त्यांनी मला दोन केळी दिली. सोबत पाणी भरपूर ठेवा, गाडीतलं पाणी कुर्डुवाडीलाच संपतं.

स्टेशनवरून एसटी स्टँड जवळ आहे, पण दुपारी चालायची हौस करू नका. रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यात मी माहेरच्या हक्काने घासाघीस केली आणि हरले. मंद्रूपची गाडी विजापूर रोडने जाते, तासाच्या आत पोचवते. खिडकीतून येणारा वारा इतका तापलेला की सगळी गाडी डोळे मिटून बसलेली. पलीकडच्या सीटवरच्या आजी मध्येच म्हणाल्या, "कुणाच्यात आलीस गं?" मी दादाचं नाव सांगितलं. "महानंदाच्या घरी व्हय," म्हणाल्या, आणि सरकून मला सावलीची जागा दिली.

दादा फाट्यावर उभा होता. मी त्याला बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली गेली. डावी भुवई बोटाएवढी लांब वाढलेली. तेल लावून ती बाजूला चापून बसवलेली आणि टोक चष्म्याच्या काडीखाली खोचलेलं. डोळा लाल, पाणी गळतंय. भुवईत मधेमधे केस गळून खिडक्या पडलेल्या.

इथे थोडी माहिती, कारण ज्यांना असं काही करून घ्यायचं आहे त्यांना कुणी हे सांगत नाही. भुवईत लावलेला केस हा डोक्याचाच केस असतो. तो भुवईला आला म्हणून भुवईसारखा वागत नाही. डोक्यावर वाढावा तसा वाढत राहतो, आणि कापावा लागतो, कायमचा. दर पंधरा दिवसांनी वहिनी दादाला दारातल्या कट्ट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवायची, चष्मा काढायला लावायची आणि छोट्या कात्रीने भुवई कापायची. दादाला स्वतःला जमायचं नाही, कारण चष्मा काढला की त्याला आरसाच दिसत नाही. तो हलला की ती ओरडायची, "सुम्न कुंद्रि!" म्हणजे गप बसा. ते आमच्या घरातलं वाक्यच झालं होतं. सुट्टीत जमलेली पोरं दंगा करायला लागली की सगळेच तसं म्हणायचे.

संध्याकाळी दादाने स्वतः भाकरी थापली. कडेने फाटलेली, पण भाकरीच. सोबत शेंगाची आमटी आणि त्याची स्वतःची चटणी. मी म्हटलं, "दादा, ही एवढी वाढवलीस कशाला? गावात न्हावी नाही का?"

"हाय की."

"मग?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "शेवटची तिनं दवाखान्यात कापली. मला म्हणली, लोकं बगायला येत्यात, तुमी असं येड्यावानी दिसू नका. उटून बसली. सलाईनचा हात. लई थरथरायची गं. मी न्हाय म्हणत हुतो." त्याने चष्मा काढला आणि भुवईची टोकं दोन बोटांत धरून मला दाखवली. "हे बग, टोकं कशी खालीवर हायत. ही तिनं कापल्याली. हितनं खाली समदं नंतर आलंय. टोक तेवढं तिचं हाय."

मी पाहिलं. खरंच टोकं वेडीवाकडी होती, एक लांब, एक आखूड.  माझ्या भावाने सहा महिने आपल्या बायकोच्या हातचं शेवटचं काम कपाळावर सांभाळलं होतं, आणि आता तेच एकेक करून उशीवर गळून पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सोलापूर गाठलं. उन्हाच्या आधी कामं उरका, दुपारी शहर दारं लावून घेतं. दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी एक होऊ घातलेला नवरदेव आईसोबत बसला होता. डोक्यावर टोपी, टोपीखाली ताजे टिपके.

"मार्गशीर्षात लगीन हाय," आई समोरच्या सिस्टरला विचारत होती. "तवर भांग पडल की?"

"मावशी, आधी सगळे गळणार, मग येणार. पूर्ण दिसायला वर्षही लागतं."

"गळणार? मग लावलं कशाला?"

सगळे हसले. दादाही हसला. मला म्हणाला, "आपलंबी गळलं हुतं की तवा. महानंदा रडली हुती, पैसं बुडालं म्हणून. मग एक दिवस सकाळी मला उटवलं आन् म्हणली, आलं, आलं. हरबरा उगवल्यागत." हसता हसता त्याने सुटलेली भुवई परत काडीखाली खोचली.

डॉक्टरबाईंनी दादाला ओळखलं. "मिसेस नाही आल्या?"

दादा जमिनीकडे बघत राहिला. मी सांगितलं. बाईंनी खुर्ची जवळ ओढून भिंगातून भुवई तपासली. "मुळं चांगली आहेत, काका. जळलेल्या कातडीत रक्त कमी पोचतं, म्हणून तुमचे पहिल्यांदा निम्मेच धरले होते आणि दुसऱ्यांदा बसावं लागलं होतं. पण जे धरले ते पक्के आहेत. डोक्याच्या मागचे केस जोवर टिकतात तोवर हे टिकतात, बहुतेकांचे जन्मभर. वयाने विरळ होतील, पांढरे होतील, तेवढंच. साखर वाढली, खाणं तुटलं, बिडी ओढली तर लवकर विरळ होतील. बिडी बंद आहे ना?"

दादाने शर्टाचा खिसा हाताने झाकला. बिडी वहिनीने सोडवली होती. आदल्या संध्याकाळी शर्टाचा वास मला आलाच होता.

"मुळाचं न्हाय इचारत मी, बाई," दादा म्हणाला. त्याने चष्म्याखालून एक केस ओढून पुढे धरला. "ह्यो केस. आता हाय त्यो. ह्यो किती दिस ऱ्हाईल?"

"हाच केस?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एकेक केस काही वर्षं वाढतो आणि गळतो, मग त्याच मुळातून दुसरा येतो. तुमचे आता एकदम गळताहेत ते धक्क्यामुळे. मोठं दुःख झालं की दोनतीन महिन्यांनी गळती सुरू होते. तुम्ही जेवत नसाल तर ती लांबते. काळजी करू नका, परत येतील."

"परत येत्याल ते दुसरे."

"हो, दुसरे."

"मग ह्ये ठिवायला काय औषिद न्हाय?"

"नाही, काका." बाईंनी त्याच्या डोळ्यात उजेड टाकला. "आणि हे कापावे लागतील. टोकं बुबुळाला घासताहेत. असंच राहिलं तर जखम होईल, नजर जाईल."

त्यांनी साखर तपासायला सांगितली, डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि बिल निम्मं केलं. नंतर आम्ही एका खानावळीत गेलो. कडक भाकरी, भरलं वांगं, दही. पुण्यात एवढ्या पैशांत नुसती भाजी येते. जागेचं नाव सांगितलं असतं, पण पाटीकडे माझं लक्षच गेलं नाही. दादा एवढंच म्हणाला, "डोळं गेलं तर तिचा फोटूबी दिसायचा न्हाय की." मग त्याने भाकरी संपवली.

पुढच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तो स्वतःच कट्ट्यावर येऊन बसला. उजेडाकडे तोंड करून. चष्मा काढून माझ्या हातात दिला. वहिनीची कात्री शिवणाच्या डब्यात होती, तिच्या जागी. मी म्हटलं, "दादा, मला येत नाही रे." तो म्हणाला, "तिलाबी येत नव्हतं पयल्यांदा." त्याने डोळे मिटले आणि गालाखाली तळहात धरला.

मी कंगव्याने भुवई खाली ओढली. कात्रीचं थंड पातं कपाळाला लागलं तसा तो दचकला. मी थांबले. डोळे मिटूनच तो हळू म्हणाला, "सुम्न कुंद्रि." मला नव्हे, स्वतःलाच म्हणाला. मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलं नाही. त्याच्याही मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो हलला नाही. मी कापलं. टोकं त्याच्या तळहातावर पडली.

"वाकडं झालं का?"

"जरासं."

"ऱ्हाऊ दे."

मूठ मिटून तो परसात गेला. मी मागे गेले नाही. परतला तेव्हा हात धुतलेले होते. म्हणाला, "च्या टाक."

परतीच्या गाडीत चटणीच्या पिशवीचा वास डबाभर पसरला होता. समोरच्या बाईंनी कुठून घेतली विचारलं, मी अभिमानाने दादाचं नाव सांगितलं. तुम्हाला सोलापूरला जायचं असेल तर थंडीत जा. हुरडा मिळतो, उजनीत पाणी असतं, माणसं दुपारी कट्ट्यावर बसलेली भेटतात. या फेरीचं मला काय उरलं, हे मी घरी येऊन बरेच दिवस जुळवत बसले होते. मी दादाला डोळा राखून दिला आणि त्याच्याजवळ तिचं उरलं होतं ते कापून टाकलं. दोन्ही एकाच कात्रीने. दुसरं काही करता आलं नसतं, हे कळतं, आणि तरी वाईट वाटतं ते वाटतंच.

परवा त्याचा फोन आला. बरी हायस का, जेवलीस का. पण ठेवला नाही.

"खिडक्या भरायल्यात बग. लई नवं केस आल्यात."

"बरं झालं की दादा!"

"व्हय. बिडीबी सोडली." पलीकडे भट्टीचा आवाज येत होता. "मंगल, ह्या केसांना ती ठावं न्हाय गं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"कापाय आल्यात," तो म्हणाला. "कदी येतीस?"

मी रविवारचं तिकीट काढलं आहे. ऊन अजून तसंच आहे.