बाजूला ठेवलेली गोळी

आत्यांना दम घेता येईना. खाटंवर बसून तोंड उघडं टाकून नुसतं वढत हुत्या. ऑपरेशनच्या पायाची पोटरी टम्म फुगलेली, हात लावला तर तापलेली. कडंवर माजी लेक रडतीया, मी रिक्षावाल्याला फोन लावतीया. आन मनात एकच, हे आपुन केलं.

आत्या म्हंजी माज्या सासूबाई. काळजाच्या दुखण्यापायी त्यांना रक्त पातळ करायची गोळी कायमची. गुडगा बदलायचं ठरलं तवा डॉक्टर म्हणले, "पाच दिवस आदी ही बंद. न्हायतर रक्त थांबायचं न्हाय. मी सांगीन तवा परत चालू." ऑपरेशन चांगलं झालं, गोळी चालू झाली, घरी आलो.

मग एक दिवस गुडग्याच्या पट्टीवर रक्ताचा डाग दिसला. टिकलीएवढा.

मी एमआयडीसीत टॉवेल तपासती. डाग दिसला की पीस बाजूला, कुणाला इचारायचं न्हाय. हितं बी तसंच केलं. डॉक्टरनीच रक्तापायी बंद केलती की! फोन करावा वाटला, पर आठवी शिकलेली मी, हसतील म्हणून न्हाय केला. चार दिवस ती गोळी काडून ठिवली.

आत्या म्हणल्या, "आज एक कमी दिसती गं?"

"बरं व्हायलंय की तुमाला."

"बरं झालं बाई, गोळ्यांनीच पोट भरत हुतं!"

पाचव्या दिवशी त्यांचा दम अडकला. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, पायात रक्ताची गाठ झाली, ती फुप्फुसात गेली. "गोळ्या वेळेवर हुत्या ना?"

मास्क वर करून आत्याच बोलल्या, "घड्याळ चुकंल, माजी सून न्हाय चुकायची."

मी बी हुय म्हणून मान हलवली. मग डॉक्टर भाईर पडले तशी मी लेकीला घिऊन त्यांच्या मागं पळत गेले आन समदं सांगितलं. ते रागावले न्हाईत. एवढंच म्हणले, "एक फोन करायचा हुता, ताई."

वाचल्या आत्या. पर आता वॉकर धरून दारापतूर गेल्या तरी धाप लागती. तितंच टेकतात आन शेजारणीला सांगतात, "सुनंनं वाचवलं मला." मी आत भांडी घासत ऱ्हाती.

त्यांना खरं सांगावं, तर माज्या हातची गोळी त्या परत घेतील का? न्हाय सांगावं, तर घास गिळवत न्हाय. तुमी काय केलं असतं?