बोटीवर एकटं कोण थांबणार

जानेवारीतला दुसरा रविवार, आमच्या घरी सकाळचा नाश्ता. हजर: मी, सासूबाई, माझी थोरली बहीण आणि भावोजी. माझे यजमान कडकोळच्या कारखान्यात ड्यूटीवर, म्हणून गैरहजर. विषय एकच: ताई-भावोजींच्या बोटीवर झालेली चोरी, आणि परत जाण्याआधी करायचा बंदोबस्त. नियमांची यादी माझ्याकडे.

भावोजी जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी शिडाची एक जुनी बोट घेतली. तेव्हापासून वर्षातले बरेच महिने दोघं पूर्वेकडच्या बेटांमधून फिरतात. रोज संध्याकाळी नांगर कुठे टाकला ते मला कळवतात. निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, हे मी ठरवून ठेवलंय. समुद्रातलं मला काही कळत नाही, पण हे काम जमतं.

चोरी भरदुपारी झाली. भावोजी छोटी रबरी होडी घेऊन बेटावर डिझेल आणायला गेले होते, ताई बोटीत झोपली होती. कुणीतरी पोहत आलं आणि दुर्बीण, फोन, औषधांची पेटी पिशवीत घालून गेलं.

"काकू, ही अशी घोरत होती," भावोजी इडलीवर चटणी वाढून घेत सासूबाईंना म्हणाले, "की चोराला वाटलं असेल, इंजिन चालू आहे!"

"अय्यो!" सासूबाई हसल्या. आम्ही गावाला गेलो की शेजारीण आमच्या दारात रांगोळी घालते, घर बंद दिसू नये म्हणून. "बोटीपुढे कोण घालणार हो रांगोळी?"

ताई हसली नाही. ताटल्या उचलून आत गेली. मी मागोमाग गेले.

नळ सोडून ती म्हणाली, "मी जागी होते."

मी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"होडी दिसत नाही म्हणजे बोटीवर कुणी नाही, असं समजून आला तो. फाटकात स्कूटर नसली की घराचं होतं ना, तसं. जिना उतरला आणि मला बघून थबकला. मी डोळे मिटून घेतले. मग त्याने माझ्या डोक्यावरचं कपाट उघडलं. त्याच्या अंगावरचं पाणी माझ्या दंडावर गळत होतं. मी हलले नाही गं. नंतर किती तरी वेळ पुसलंसुद्धा नाही."

"भावोजींना का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्या दिवशी बोट विकतील. मग फ्लॅटच्या बाल्कनीत बसून काय करतील ते?" तिने नळ बंद केला. "बोट मलाही हवीय. एकटीने थांबायचं नाहीये, एवढंच. तू घाल ना ते तुझ्या नियमांत."

बाहेर येऊन मी एकेक मुद्दा घेतला. बोटीतल्या जिन्याच्या तोंडावरच्या झाकणाला आतून उघडता येईल अशी जाळी, मान्य. रात्री होडी पाण्याबाहेर उचलून बांधायची, मान्य. औषधं दोन ठिकाणी, मान्य. "आणि बोटीवर कुणी एकटं थांबायचं नाही."

"मेहुणीबाई, हे उलटं झालं," भावोजी म्हणाले. "रिकामी बोट म्हणजे चोराला आमंत्रण. एकाने थांबायलाच हवं."

"पण दर वेळी तिनेच का?"

"मग डिझेलचे कॅन तिला उचलायला लावू? आणि घोरणारा पहारेकरी चालतो मला."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. खरं कारण सांगितल्याशिवाय हा नियम मान्य होणार नव्हता. ताई टेबल पुसत होती, पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत होती.

दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना मी तिला विचारलं, "मी सांगू का त्यांना?"

"बघू," ती म्हणाली. सोमवारी पुन्हा विचारलं, तर, "आत्ता नको."

शुक्रवारी त्यांचं बेंगळुरूहून विमान आहे. जाळीचं माप देऊन झालं, नवा फोन आला, औषधं भरली. भावोजींशी बोलायचं राहिलं आहे.