पाण्याचा घोट आणि मोठ्या मायचा धुरा

माझ्या मोठ्या मायवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, उपवासकाळातल्या दुसऱ्या रविवारी, उपासना सुटल्यावर, चर्चच्या ओट्यावर, सगळ्या मंडळीसमोर. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून शेत तीच पाहते. आर्णीजवळच्या आमच्या गावात प्रभुभोजनाची बेखमीर भाकर वर्षानुवर्षं तिच्याच तव्यावर भाजली जायची. त्या दिवशी मंडळीचा एक पंच तिला म्हणाला, "वहिनी, या बारीले भाकर आमच्या घरून येईल. मनात राग धरून ते काम करनं बरं नाही दिसत."

राग कशाचा, हे त्यानं सांगितलं नाही. मी सांगते. त्याचं शेत तिच्या शेताला लागून आहे. त्याच आठवड्यात त्याच्या ट्रॅक्टरनं मधला धुरा, म्हणजे बांध, नांगरून काढला आणि तिच्या कडेची जमीन त्याच्या शेतात गेली. तिनं पाहिलं आणि साऱ्या शिवाराला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. मंडळीत शिव्यांची चर्चा झाली. धुऱ्याचं नावही कुणी काढलं नाही.

मोठ्या मायला आपला राग पक्का ठाऊक आहे. उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी चहा. ती उलट उत्तर देणं सोडते. राग आला की तोंडात पाण्याचा घोट धरते आणि मनात प्रभूची प्रार्थना म्हणते. 'आमेन' झाल्याशिवाय गिळत नाही. तिचे गाल फुगलेले दिसले की मोठे बाबा मुकाट चप्पल घालून बाहेर पडायचे. धुरा नांगरलेला दिसला त्या दिवशी वावरात पाण्याची कॅन लांब झाडाखाली होती, एवढंच.

मी बायांच्या जमिनीच्या हक्कावर पत्रकं लिहिते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. त्या रविवारी लगेच लिहायला बसले. पहिले दोन शब्द होते, 'चोर पंच'. पुढे 'धुरा नांगरला' असं लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं पाण्याचा गडू पुढे केला.

"घे."

"मले कायले?"

"घे म्हनलं ना."

मी घोट धरला. क्षमेच्या ओळीपाशी पोचले आणि गिळून टाकला.

"लवकर गिळला तू."

"तहान लागली होती."

"बरं. 'चोर' काढ. 'धुरा नांगरला' राहू दे."

मला वाटलं, ही नमली. "म्हणजे सोडून देतं का जमीन?"

"कायले सोडू? शिव्या माह्या होत्या, धुराबी माहाच हाय."

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, ज्याच्याशी बिघडलंय त्याच्या घरी जाऊन माफी मागायची रीत आहे. रीत चांगली आहे. पण माफी मागितली की आपला दावाही सुटला, असं लोक धरून चालतात. त्या शनिवारी ती पंचाच्या घरी गेली तेव्हा तोही तेच धरून बसला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. मी तिच्यासोबत होते.

"भाऊजी, मी वावरात तुमाले शिव्या देल्या," ती म्हणाली. "तुमच्या मायबापाले मधात आनलं. ते चुकलं माहं. माफ करा."

"झालं वहिनी, मिटलं."

"शिव्यांचं मिटलं. आता धुरा होता तिथं घालून द्या."

पंच म्हणाला, "पाहू." ती चहा पिऊन उठली. मी पीत नव्हते, तर मलाही प्यायला लावला.

रविवारी भाकर त्याच्या घरून आली. ताट घेऊन रांगेनं तोच फिरला. तिच्यापुढे आला तेव्हा त्यानं तिच्याकडे न बघताच ताट पुढे केलं, आणि मला त्याची कीव आली. नाही म्हणत नाही. तिनं तुकडा घेतला, डोळे मिटले.

घरी येताना मी विचारलं, "राग गेला?"

"कुठं जाते तो. बसला होता बाजूले, गुपचूप." थोडं चालून म्हणाली, "भाकर कडक होती."

धुरा अजून घातलेला नाही. पंचाला 'धुऱ्याचं काय झालं' असं मंडळीतल्या एकानंही विचारलेलं नाही. तिला मात्र 'राग सोड' असं आजही सांगतात. जिनं आपली जीभ आवरली तिलाच अजून किती आवरायला लावणार?

म्हणून तुम्हाला सांगते. पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आधी आपल्या शेताच्या कडेला जा. दुसऱ्याचा धुरा तुमच्या नांगराखाली आला असेल, तर तो स्वतःच्या हातानं परत घाला. मग चर्चला या.