बांधावरची फोर बाय फोर

मी गाडी उत्तम चालवतो असं मानणारा आमच्या घरात एकच माणूस आहे. मी.

याच विश्वासावर मी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. "अंबरनाथ पश्चिमेला कुठला डोंगर चढायचाय तुम्हाला?" बायकोने, म्हणजे सुजाताने, विचारलं. उत्तर द्यायला मी श्रावणातल्या एका रविवारी तिला आणि सासूबाईंना घेऊन सोनिवली गावापलीकडच्या कच्च्या वाटेला लागलो. वाट शेतकऱ्यांची, गुरांची, सगळ्यांचीच. मध्ये एक डबकं आलं.

"हळूच सरळ घ्या," सुजाता म्हणाली.

"छे! बाजूने काढतो."

"बाजूला शेत आहे!"

"म्हणून तर ऑफरोड म्हणतात!"

जीप बांधावर चढली, बांध फुटला आणि पुढची चाकं थेट भातात! मी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि खिडकीतून चिखलाचा फवारा सासूबाईंच्या चष्म्यावर!

"जावईबापू, मला काही दिसत नाहीये," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोचलो का आपण?"

तेवढ्यात शेतातून एक काकू धावत आल्या. "अरं, काय केलंस! कालच लावणी केलीय. पाणी गेलं तर रोपं जगायची नाय!"

खरंच, फुटल्या बांधातून पाणी भळाभळा वाहत होतं.

सुजाताने मला खाली उतरवलं आणि स्वतः बसली. "फोर व्हीलची, चारही चाकं फिरवणारी ही दांडी ओढलीच नव्हतीत?" (दांडी? मला वाटलं, ती शोभेची आहे!) तिने हळूच रिव्हर्स घेतला आणि जीप बाहेर!

"काकू, चुकलो. फावडं द्या," मी म्हणालो. तासभर मी बांधाला चिखल थापत होतो. (दोनदा बांधाऐवजी मीच आडवा झालो!) सुजाता आणि काकू उखडलेली रोपं पुन्हा लावत होत्या. शेवटी पाणी थांबलं.

पुढच्या रविवारी सुजाताला घेऊन त्याच वाटेने धाकधुकीनेच गेलो. डबक्यातून मुंगीच्या पावलांनी सरळ गेलो. गुरं आली तेव्हा इंजिन बंद करून थांबलो. रोपं हिरवीगार उभी होती! काकूही हसत आल्या आणि सुजाताच्या ओंजळीत चार काकड्या घातल्या.

"ताई, डायवर सुधारला हां तुमचा! कामावरनं काढू नका ह्याला."

मी पटकन उतरलो आणि ताईंसाठी अदबीने दार उघडलं.