पांढरं कापड नको

शिलाईवाल्या मावशींनी पांढरं कापड शिवायला घेणं एकाएकी बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मोतीबिंदू झालाय, पांढऱ्यावर टाका दिसत नाही." खरं कारण निराळंच होतं. कात्री मांडीवर असली तरी दोरा दातानंच तोडायचा, ही त्यांची जन्माची सवय. आता तोडताना हिरड्यांतून रक्त येई आणि कापडावर ठिपका पडे. गडद कापडावर तो कुणाला कळत नसे. घरातही मावशींनी ताकास तूर लागू दिली नाही. दात काढले की तोंडाचं बोळकं होणार, या धास्तीनं त्या गप्प होत्या.

मोतीबिंदू मात्र खरा होता, आणि त्याचं ऑपरेशन अडून बसलं. रक्तातली साखर उतरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावेनात, आणि गोळ्या वाढवूनही ती उतरेना. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागे. शेवटी सुनेनं साखरेचा डबाच कपाटात कुलूपबंद केला.

"आई, लपवून खाता ना?"

"शपथ घेऊन सांगते, नाही गं."

सून नुसती हसली. मावशींना ते फार लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पुढच्या तपासणीला डोळ्यात थेंब घालायला वाकलेल्या नर्सला मावशींच्या तोंडाचा वास आला. तिनं सासू-सुनेला थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

"हिरड्यांत पू झालाय," बाई म्हणाल्या. "मधुमेहानं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर खाली येऊ देत नाहीत. दोघांचं साटंलोटं असतं. रक्त कधीपासून येतंय?"

"पांढरं शिवायचं सोडलं तेव्हापासून," मावशी खाली बघत म्हणाल्या. शेजारी बसलेल्या सुनेचा चेहरा उतरला.

दोन दात गेले, हिरड्या साफ झाल्या, आणि या वयात मावशी दात घासायला नव्यानं शिकल्या. गोळ्या चालूच होत्या, पण साखर आता ऑपरेशनपुरती खाली आली.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर सुनेनं कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "चुकलं माझं, आई."

"लपवत तर मीही होतेच. तू म्हणत होतीस ते नाही, एवढंच." मावशींनी किल्ली परत केली. "पण मी शपथ घेतली, तरी तुला खरं का वाटलं नाही गं?"

सून सासूचा हात धरून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, आणि तिथं तिला तो सोडवेना.